होडीचा डेक आणि वैशाखाचे ऊन

लहान लाकडी होडीच्या डेकवर फळ्या बसवण्याच्या मूळ पद्धती दोनच आहेत. एकीत फळ्या होडीच्या मध्यरेषेला समांतर, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत सरळ जातात. दुसरीत त्या होडीच्या काठाबरोबर वळतात आणि पुढे मध्यावरच्या एका रुंद फळीला तिरक्या येऊन भिडतात. बाकीचे प्रकार या दोहोंच्या तडजोडीतून निघालेले आहेत, किंवा फळ्यांच्या जागी प्लायवूड घालून त्यांनी हा प्रश्नच मिटवला आहे. निवड बहुधा दिसण्यावर होते. वळणाऱ्या फळ्यांची होडी देखणी दिसते, म्हणून ती हवीशी वाटते. पण लाकूड पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि फळ्यांची मांडणी ही मुळात त्या फुगण्या-आकसण्याला जागा करून देण्याची सोय आहे. सोलापूरसारख्या कोरड्या, तापणाऱ्या मुलखात ही सोय चुकली, तर पहिल्याच वैशाखात डेकखाली वाकून पाहणाऱ्याला फटींतून आभाळ दिसते.

सोलापूर जिल्हा होड्यांसाठी प्रसिद्ध नाही, पण होड्या इथल्या जगण्यात आहेत. पंढरपुरात चंद्रभागेच्या, म्हणजे भीमेच्या, वाळवंटापासून पैलतीराला आणि विष्णुपदाकडे भाविकांना नेणारे कोळी नावाडी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले आहेत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेला मोठ्या तलावाचे रूप दिले. यशवंतसागर या नावाने ओळखला जाणारा हा जलाशय पूर्ण भरला, की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी असते आणि त्याचा फुगवटा माढा-करमाळ्यापासून इंदापूर, दौंडपर्यंत पोहोचतो. त्याच्या दोन्ही काठांवरची गावे मासेमारीसाठी आणि पलीकडे जाण्यासाठी बोटीच वापरतात. महापुरात तर उसाच्या पट्ट्यात गुळाची काहीलही होडी होते, पण तो आपद्धर्म झाला.

यातल्या बहुतेक होड्या उघड्या असतात. नदीच्या अरुंद, संथ पात्रात तेवढे पुरते. उजनीच्या उघड्या पाण्यावर मात्र वारा मैलोन्‌मैल अडथळ्याशिवाय येतो आणि वळवाच्या दिवसांत तर काही मिनिटांत लाटा उठवतो. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. डेक असता तर असे घडले नसते, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. तिथे लाइफ जॅकेट, मर्यादित भार आणि आभाळ बघून पाण्यात न उतरणे हेच उपाय. डेकचे काम त्यापेक्षा साधे आहे. नाळेवर फुटणारी लाट आणि वाऱ्याने उडणारे पाणी तो होडीत पडू देत नाही, दोन्ही काठांना एकमेकांशी बांधून होडीची चौकट घट्ट करतो आणि जाळी, डबा, कपडे कोरडे ठेवायला जागा देतो.

एवढ्यासाठी सगळी होडी झाकावी लागत नाही. १४ फूट लांब आणि ५ फूट रुंद होडीला पुढचा चार-साडेचार फुटांचा डेक, दोन्ही काठांना सहा ते नऊ इंचांच्या पट्ट्या आणि पिछाडीला हातभर झाकण पुरते. पुढचे विवेचन अशाच अर्ध्या डेकच्या होडीबद्दल आहे.

डेकचा सांगाडा

फळ्यांच्या खाली आडव्या तुळ्या असतात. त्या एका काठाच्या आतल्या बाजूला बसवलेल्या लांब पट्टीपासून दुसऱ्या काठाच्या पट्टीपर्यंत जातात. जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात तुळया आणि त्यांवरच्या फळ्या जशा असतात, तशीच ही मांडणी. फरक इतकाच, की होडीच्या तुळ्या मध्ये उंच आणि कडांना उतरत्या असतात. हा बाक रुंदीच्या फुटामागे पाव ते अर्धा इंच धरतात. म्हणजे पाच फूट रुंदीला मध्यभागी सव्वा ते अडीच इंच उंची. पाणी निथळून जावे म्हणून तो हवा, आणि बाकदार तुळई वजन पेलायलाही बरी. होडीचा जो मधला भाग उघडा राहणार, तिथे पूर्ण तुळ्या घालता येत नाहीत. तिथे उघड्या भागाच्या कडेने लांबीत एक बळकट लाकूड जाते आणि त्याच्यापासून काठापर्यंत छोट्या अर्ध्या तुळ्या बसतात.

तुळ्यांवर सर्वांत आधी दोन खास फळ्या बसतात. काठाच्या वळणाप्रमाणे कापलेली बाहेरची रुंद फळी म्हणजे कडफळी. ती होडीच्या भिंतीचा आणि डेकचा सांधा झाकते, म्हणून पाणी शिरण्याची पहिली जागा तीच राखते. मध्यरेषेवर नाळेपासून मागे जाणारी फळी म्हणजे मधली फळी. साखळदंड, दोर, डोलकाठी यांचा भार तिच्यावर येतो, म्हणून ती इतरांपेक्षा रुंद असते. या दोहोंच्या मधली जागा कशी भरायची, इतकाच मांडणीचा प्रश्न उरतो.

कडफळी वाकवून बसवत नाहीत, वळणाच्या आकारात कापतात. पाच इंच रुंदीची वळणदार फळी काढायला दहा-बारा इंच रुंद लाकूड लागते आणि निम्मे वाया जाते. म्हणून ती दोन-तीन तुकड्यांत करून तिरक्या सांध्याने जोडतात. तुकडे लहान ठेवले, की लाकडाच्या रेषा वळणाबरोबर बऱ्यापैकी राहतात. एकाच तुकड्यात सगळे वळण कापले, तर टोकाशी रेषा आडव्या पडतात आणि फळी तिथेच चिरते.

लाकूड किती हलते

सागाला समुद्रावर मान मिळाला तो त्याच्या स्थिरपणामुळे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे सागाचीच होती. १८१७ मध्ये तिथे पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. तरीही साग हलतोच. पूर्ण ओला असताना आणि पूर्ण सुकल्यावर त्याच्या मापात पडणारा फरक वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर वलयांना आडव्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के असतो. लांबीत तो जवळजवळ नसतोच. दोन दिशांमधला हा दुपटीहून जास्त फरक डेकच्या सगळ्या विचारामागे आहे.

ओंडका कसा चिरला यावर फळी कोणत्या बाजूने जास्त हलणार ते ठरते. ओंडका सरळ पाट्यांमध्ये चिरला, की बहुतेक फळ्यांच्या टोकाला वलये आडवी, पसरट दिसतात. तीच वलये उभी दिसतील अशा बेताने गाभ्याकडून चिरलेली फळी रुंदीत निम्म्याहून कमी हलते, शिवाय तिच्यावर पाय घासून ढलप्या निघत नाहीत. डेकसाठी उभ्या वलयांची फळी घ्यावी हा नियम कोणत्याही मांडणीला लागू आहे. वखारीत ती निवडून घ्यावी लागते आणि थोडी महाग पडते.

आता सोलापूरची हवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि दुपारच्या हवेत आर्द्रता फार कमी उरते. त्यात उजनीचा साठा उतरत जातो. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य जिल्ह्यात दर उन्हाळ्यात कानावर पडते; पाणी सुमारे ६३ टीएमसीच्या मृतसाठ्यात शिरले, असा त्याचा अर्थ. पाणी आटले, की अनेक होड्या महिना-दीड महिना गाळावर, उन्हात पडून राहतात. अशा वेळी सागाच्या फळीतला ओलावा ६-७ टक्क्यांपर्यंत उतरतो. पुढे श्रावणात, अंगावर पाऊस घेणाऱ्या त्याच फळीत तो १६ टक्क्यांपर्यंत चढतो. कोकणात पावसाळा जास्त ओला असतो, पण तिथला उन्हाळाही दमट असतो, लाकडात मुरलेले मीठ ओल धरून ठेवते आणि होडी वर्षातला बराच काळ पाण्यात असते. तिथली फळी इतकी सुकतच नाही.

ओलाव्यातला हा दहा टक्क्यांचा फरक मोजून पाहावा. चार इंच रुंदीची, पसरट वलयांची फळी वर्षभरात साधारण दोन मिलिमीटर हलेल. दोन इंची, उभ्या वलयांची फळी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हलेल. फळ्यांमधली फट नेहमी दोन सुतांची, म्हणजे पाव इंच किंवा सहा मिलिमीटरची ठेवतात. तिच्यात आज जी लवचीक रबरी भरणी घालतात, ती आपल्या रुंदीच्या पंचवीसएक टक्के ताणली किंवा दाबली गेलेली सोसते. दोन मिलिमीटर म्हणजे फटीच्या तेहतीस टक्के. रुंद फळी घेतली, की भरणी फाटणार हे हिशेबानेच दिसते. अरुंद फळीत तो ताण सात-आठ टक्क्यांवर थांबतो.

सरळ मांडणी

मध्यरेषेला समांतर फळ्या ही जगभरातल्या कामाच्या होड्यांची रीत. जुन्या लढाऊ गलबतांपासून कोकणातल्या मासेमारी मचव्यांपर्यंत ती दिसते. फळ्या वाकवाव्या लागत नाहीत, सगळ्या एकाच रुंदीच्या काढता येतात, आणि दोन-अडीच इंचांपर्यंतची फळी चालते. मधल्या फळीपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना एकेक जोडी लावत गेले, की डावे-उजवे आपोआप सारखे राहते.

अवघड जागा कडफळीपाशी आहे. नाळेकडे होडी निमुळती होत जाते, तशी प्रत्येक सरळ फळी पुढच्या टोकाला कडफळीवर तिरकी येऊन थांबते. तिरके टोक तसेच कापले तर ते सुरीच्या पात्यासारखे पातळ उरते. त्यात स्क्रू बसत नाही, फट भरताना हातोडीचा ठोका सोसत नाही, आणि आधी सुकून वर उचलते तेही तेच. यावरचा जुना उपाय म्हणजे टोक बोथट करणे. टोकाशी फळीच्या रुंदीचा एक तृतीयांश ते निम्मा भाग काटकोनात कापतात, उरलेला तिरका ठेवतात, आणि त्या आकाराची खाच कडफळीत पटाशीने घेतात. प्रत्येक फळीला खाच लागतेच असे नाही. तिरक्या कापाची लांबी फळीच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त होत असेल तिथेच खाच घ्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे नाळेजवळ काठ मोठ्या कोनात वळत असेल तिथे एखाददुसरीवर भागते, आणि मागे काठ मध्यरेषेला जवळजवळ समांतर होतो तिथे एकेका फळीला लांबलचक खाच लागते.

काठाच्या अरुंद पट्ट्यांवर सरळ मांडणीचे थोडे हसे होते. सहा इंची पट्टीत सरळ फळी एका टोकाला आत शिरते आणि दुसऱ्या टोकाला संपते. दोन-तीन फळ्यांची तुटक जुळणी दिसते. म्हणून बरेच कारागीर पुढचा डेक सरळ ठेवतात, आणि बाजूच्या पट्ट्या नुसत्या कडफळीच्या रुंद लाकडाने भरून टाकतात किंवा तिथल्या एक-दोन फळ्या काठाबरोबर वळवतात. शास्त्राला हे धरून नसेल, पण डोळ्यांना खटकत नाही आणि पाणीही गळत नाही.

वळणाची मांडणी

काठाबरोबर वळणाऱ्या फळ्या शर्यतीच्या आणि हौशी शिडाच्या होड्यांवर रुळल्या. इथे पहिली फळी कडफळीला चिकटून वाकते, दुसरी पहिलीला, आणि असे मध्यापर्यंत जाते. कडफळीत खाच घ्यावी लागत नाही. सगळी टोके मधल्या फळीवर येतात आणि खाचा तिच्यात दोन्ही बाजूंनी, समोरासमोर घेतल्या जातात. काम जमले तर त्या खाचांची ओळ फार सुंदर दिसते. एक खाच पाव इंच चुकली, तरी तीही तितकीच दिसते.

अडचण वाकवण्यात आहे. फळी पाटावर वाकवणे सोपे. इथे ती आडवी ठेवून धारेच्या दिशेने वाकवायची असते. त्या दिशेने फळीचा ताठरपणा रुंदीच्या घनाने वाढतो. दोन इंची फळीऐवजी तीन इंची घेतली, तर जवळजवळ साडेतीन पट जोर लागतो. म्हणून या मांडणीत फळ्या दीड ते पावणेदोन इंचांच्या, जवळपास चौकोनी छेदाच्या घेतात आणि तुळईला ठोकळा अडकवून, पाचर मारत मारत जागेवर आणतात. तरीही सरळ होण्याचा त्यांचा ओढा संपत नाही; तो वर्षानुवर्षे स्क्रूंवर राहतो. वैशाखात फळ्या आकसल्या, की हा ओढा प्रत्येक फटीला थोडे आणखी उघडतो. कोरड्या हवेत वळणाच्या मांडणीवर घेण्यासारखा मुख्य आक्षेप हाच.

होडीचा आकारही पाहावा लागतो. २५ फुटी सडपातळ होडीत काठाचे वळण सावकाश असते, फळी सहज घेते. १४ फूट लांब आणि ५ फूट रुंद होडी म्हणजे प्रमाणाने पोटाळीच. तिचे वळण चार फुटांत उरकावे लागते. तिथे जाड फळ्या हट्टाने वळवायला गेले, तर त्या पीळ खातात किंवा तुटतात.

मधला मार्ग दोन प्रकारे निघतो. एकात फळ्यांना काठाच्या वळणाच्या निम्मेच वळण देतात. मग टोके थोडी कडफळीवर, थोडी मधल्या फळीवर येतात आणि दोन्हीकडे खाचा लागतात. दुसऱ्यात प्रत्येक फळी नाळेकडे निमुळती करत नेतात, म्हणजे मध्यावर जितक्या फळ्या आहेत तितक्याच पुढे जाऊन पोहोचतात आणि खाचांची गरज फारच कमी उरते. हा प्रकार सर्वांत देखणा आणि सर्वांत कष्टाचा. प्रत्येक फळी वेगळी रंध्यावर घ्यावी लागते. सुताराची रोजची मजुरी धरली, तर लहान होडीला तो परवडत नाही.

माशाच्या काट्यासारखी तिरपी मांडणी कधीकधी सुचवली जाते. तिच्यात प्रत्येक फळीची दोन्ही टोके उघडी पडतात, आणि लाकूड पाणी पिते ते टोकांनीच. खोलीतल्या फरशीला ती शोभते. डेकवर तिला जागा देऊ नये.

फटी, भरणी आणि हंगाम

भरणीसाठी दोन फळ्यांच्या कडा अशा रंधतात, की खाली त्या एकमेकींना टेकतात आणि वर पाव इंच उघड्या राहतात. पारंपरिक कामात या खोबणीत कापसाची किंवा काथ्याची वात बोथट छिन्नीने ठासून भरतात आणि वर राळ ओततात. फळ्या फुगल्या, की वात आणखी आवळली जाते. समुद्रावरच्या होड्यांना ही पद्धत शतकानुशतके पुरली. सोलापुरात तिची एक खोड आहे. मेमधल्या उन्हात डेकचा पृष्ठभाग हात ठेवता येणार नाही इतका तापतो; मऊ राळ वितळते, पायांना चिकटते आणि फट रिकामी करून जाते.

आजची रबरी भरणी उष्णता सोसते, पण तिला एक शिस्त लागते. ती फटीच्या दोन्ही भिंतींना चिकटावी, तळाला चिकटू नये. तिन्हीकडे चिकटली तर तिला ताणायला वाव राहत नाही आणि ती कडेने सुटते. म्हणून फटीच्या तळाशी आधी न चिकटणारी पातळ पट्टी टाकतात. या भरणीसाठी फटी चौकोनी काढतात आणि तळाला फळीचीच लहानशी पायरी ठेवतात.

कोणत्या महिन्यात भरणी करायची याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. मेमध्ये फटी सर्वांत रुंद असतात. तेव्हा त्या काठोकाठ भरल्या, तर पावसाळ्यात फळ्या फुगून भरणी वर ढकलतात आणि ती पायाखाली सोलून निघते. ऑगस्टमध्ये भरल्या, तर पुढच्या वैशाखात सगळा ताण एकाच दिशेने येऊन ती फाटते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या सुमारास लाकडातला ओलावा दोन टोकांच्या मध्ये असतो. तेव्हाच्या भरणीला पुढे थोडे ताणावे लागते, थोडे दबावे लागते, पण वर काढलेल्या हिशेबातला ताण दोन बाजूंना वाटला जातो. लाकूडही त्याआधी महिनाभर त्याच हवेत सावलीत रचून ठेवावे. मुंबईच्या वखारीतून आणलेली फळी आठवड्यात डेकवर बसवणे म्हणजे फट आधीच ठरवून ठेवणे.

कोणते लाकूड

विदर्भातला, बल्लारशा-आलापल्लीकडचा जुना साग उत्तम; कर्नाटकातला दांडेलीचाही चांगला. लागवडीच्या कोवळ्या सागात पांढरट बाहेरचे लाकूड बरेच असते, ते कुजते. ते काढून टाकूनच फळी मोजावी. साग परवडत नसेल, तर शिवणीचे लाकूड विचारात घेण्यासारखे आहे. ते हलके आहे आणि सागाच्या जवळपासच, किंबहुना थोडे कमीच, आकसते. आंबा स्वस्त आणि सहज मिळणारा, पण डेकवर पावसाचे गोडे पाणी साचते तिथे तो लवकर जातो. गोड्या पाण्याचा मुद्दा विसरण्यासारखा नाही. समुद्राचे मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालते. उजनीवर तो पहारा नसतो. तुळ्यांना काठाशी जोडणाऱ्या कोनांसाठी मात्र बांधावरची बाभूळ शोधावी. तिच्या फांद्यांचा मुळातला वाकडेपणा इथे उपयोगी पडतो, कारण कोनाच्या वळणात रेषा तुटत नाहीत.

प्रत्येक तुळईवर अरुंद फळीला मधोमध एकच स्क्रू मारतात, म्हणजे तिला दोन्ही बाजूंना हलायला मोकळीक राहते. त्याचे डोके खोल बसवून वर त्याच लाकडाची बुचे, रेषा जुळवून, ठोकतात. खाऱ्या पाण्यात पितळ झिजते. इथे पितळी स्क्रू बरी साथ देतात.

प्लायवूडचा पर्याय

वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी प्लायवूडने सुटतात. त्यातले थर एकमेकांना काटकोनात असल्याने ते रुंदीत नगण्य हलते. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून बरेच काही विकले जाते. होडीसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे सागरी प्लायवूड घ्यावे, ज्याच्या चिकटपणाची परीक्षा ७२ तास पाण्यात उकळून घेतली जाते. सहा ते नऊ मिलिमीटरचा ताव तुळ्यांवर चिकटवून, कडा इपॉक्सीने बंद करून, वर काचधाग्याचे कापड चढवले, की डेक गळण्याचा विषय संपतो.

त्याच्यावर सागाच्या पातळ पट्ट्या चिकटवता येतात. जाडी सहा मिलिमीटरच्या आत ठेवावी, कारण जाड पट्टी फुगते तेव्हा चिकटवलेल्या थरालाच उचकटते. पातळ पट्टी धारेवर वाकवायला जाड फळीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी जोर लागतो आणि तिचा सरळ होण्याचा ओढा इपॉक्सी सांभाळते. म्हणजे पोटाळ होडीवरही वळणाची मांडणी शक्य होते. पाणी अडवण्याचे काम प्लायवूडने घेतल्यावर पट्ट्यांची दिशा ही खरोखरच आवडीची बाब उरते.

वजनाचाही लाभ आहे. १४ फुटी होडीच्या अर्ध्या डेकचे क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस मीटर भरते. त्यावर २० मिलिमीटरचा साग घातला, तर ४० किलोंच्या आसपास वजन होते. सहा मिलिमीटर प्लायवूड आणि तितक्याच जाडीचा साग मिळून ते २५ किलोंच्या आत राहते. डेकचे वजन होडीत सर्वांत उंचावर असते. वारा लागल्यावर होडी कलते, तेव्हा वरचा प्रत्येक किलो तिला आणखी कलवतो.

आणखी स्वस्त मार्ग म्हणजे प्लायवूड नुसते रंगवणे. फिकट रंगात बारीक, धुतलेली वाळू भुरभुरली, की पाय घसरत नाही. अनवाणी काम करणाऱ्या मच्छीमाराला हा डेक सागापेक्षा बरा, कारण दुपारी काळ्या फटींचा सागवानी डेक तळवे भाजतो. जुन्या पद्धतीत खाच-जिभेच्या सांध्याच्या फळ्यांवर जाड सुती कॅनव्हास ताणून तो रंगाने भिजवत. सोलापूरसारख्या कापडगिरण्यांच्या गावाला कापडाचा डेक परका वाटू नये. पण कापडाला एक छिद्र पडले, तरी पाणी आत शिरून अडकते आणि खालची फळी कोणाच्या लक्षात न येता कुजते.

निवड

पंढरपूरच्या नदीपात्रातल्या होडीला डेक हवाच असेल, तर नाळेवर हात-दीड हात सरळ फळ्या पुरेत. तिथे माणसे चढतात-उतरतात, झीज खूप, आणि बदलायला सोपी हीच मोठी गुणवत्ता. उजनीवर रोज कामाला जाणाऱ्या होडीला रंगवलेले सागरी प्लायवूड. शिडाची किंवा हौसेची होडी असेल आणि लाकूड दिसायला हवे असेल, तर प्लायवूडवर सागाच्या पट्ट्या, वाटल्यास वळणाच्या. निखळ फळ्यांचाच डेक करायचा तर सरळ मांडणी, दोन इंची उभ्या वलयांच्या फळ्या, दोन सुतांच्या फटी.

कोणतीही मांडणी असो, ती आधी तुळ्यांवर आखून पाहावी. लवचीक बांबूची कांब काठाबरोबर वाकवून खिळ्यांनी अडकवली, की वळण किती कडक आहे ते हातालाच कळते. सरळ मांडणीसाठी दोरीच्या रेषा ताणून फळ्या कडफळीला कुठे आणि कोणत्या कोनात भिडतात ते खुणावावे. शेवटची फळी अर्ध्या इंचाची चिंधी उरणार असेल, तर तेव्हाच मधल्या फळीची रुंदी थोडी कमी-जास्त करून ती दुरुस्त करता येते.

चैत्र लागला, की होडी सावलीत ओढावी. सावली नसेल तर डेकवर गोणपाट अंथरून ते रोज संध्याकाळी ओले करावे. डेकखालच्या पोकळीत हवा खेळती राहील अशी दोन तरी भोके ठेवावीत. फळी खराब झालीच, तर सरळ मांडणीत तिची भरणी कापून, बुचे काढून, तुळईपासून तुळईपर्यंतचा तुकडा बदलता येतो आणि शेजारच्या फळीला हातही लागत नाही. वळणाच्या डेकमध्ये नवी फळी दोन जुन्या फळ्यांमध्ये वाकवून बसवावी लागते. पाचर लावायला तिथे जागा नसते, म्हणून ती आधीच त्या वळणात कापून किंवा पातळ थर चिकटवून तयार करतात.